आपट्याचे लोक कोणती भाषा बोलतात?

दसऱ्याला आपण सर्वांनी एकमेकांच्या हातांवर आपट्याची पाने ठेवली, ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाने केराबरोबर झाडून टाकली. हे दरवर्षीचेच आहे. मी आज ज्या आपट्याविषयी लिहिणार आहे ते झाड नव्हे, गाव आहे. पनवेल तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी, कर्नाळ्याच्या सुळक्याच्या नजरेखाली ते वसले आहे. पण त्या गावाशी आणि त्याच्यासारख्या शेकडो गावांशी आपली, म्हणजे पांढरपेशा मराठी माणसांची, वागणूक त्या पानांसारखीच आहे. सणापुरते सोने, मग केर.

आपटा स्टेशन पुष्कळांनी पाहिलेले आहे; फक्त ते आपटा आहे हे त्यांना ठाऊक नसते. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटात शेवटी गाडी सुटते, नायक दारातून हात पुढे करतो आणि नायिका फलाटावरून धावते, तो फलाट आपट्याचा. पडद्यावर मात्र ते स्टेशन पंजाबातले म्हणून दाखवले आहे. आमच्या रायगड जिल्ह्यातले स्टेशन एका रात्रीत पंजाबी झाले आणि कोणाचे काही बिघडले नाही. सिनेमावाल्यांना मी दोष देत नाही. सोंग घेणे हा त्यांचा धंदाच आहे. माझे भांडण दुसऱ्यांशी आहे, आणि त्या दुसऱ्यांत मी स्वतःही आहे.

मागे एका दिवाळीत माझा भाचा सुट्टीवर आला होता. तो बेल्जममध्ये, ब्रुसेल्सला नोकरीला असतो. त्याला घेऊन रोह्याच्या गाडीने निघालो होतो. आपट्याला दोन बाया डोक्यावर गाठोडी घेऊन चढल्या आणि आमच्या समोर खाली बसल्या. बरोबर एक पाच-सहा वर्षांची पोर होती. तिघींचे बोलणे चालू झाले. भाच्याने थोडा वेळ कान दिला आणि मला हळूच विचारले, “मामा, या कोणती भाषा बोलताहेत?”

“मराठीच रे,” मी म्हणालो.

“मग मला एकही वाक्य धड का कळत नाही?”

“कातकरी बोली आहे ती. मराठीचाच एक प्रकार.”

“तुम्हाला कळते?”

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. त्या तालुक्यात माझे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले आहे. तेवीस वर्षे मी एका शाळेत मराठी शिकवले आहे. आणि समोर बसलेल्या बाईचे बोलणे मला कळत नव्हते. जी भाषा मला कळत नाही तिला मी कोणत्या अधिकाराने ‘मराठीच’ म्हणालो? तो प्रश्न त्या दिवशी माझ्या मागे लागला तो अजून सुटलेला नाही. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

वाचकहो, या मुलखात कोण कोण राहते ते आधी पाहू. खाडीच्या अंगाला आगरी आणि कोळी. मीठ, भात आणि मासळी हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जीवन. त्यांच्याच शेजारचे कराडी. वर डोंगराकडे सरकावे तसे कुणबी, मराठे, ठाकर आणि कातकरी. गावोगावी बौद्ध वस्ती. बंदरांच्या आणि बाजारांच्या गावी कोकणी मुसलमान. घरातली त्यांची बोली कोकणी वळणाची मराठी, आणि मुलांची शाळा पुष्कळदा उर्दू. या सर्वांत मिसळून गेलेले बेने इस्रायल. नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांची आडनावे पाहा: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, आणि चक्क आपटेकरसुद्धा. पनवेलात त्यांचे १८४९ सालचे सिनेगॉग आहे. १८७४ साली पुण्यात त्यांची सचित्र हगादा छापली गेली, ती हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले आणि जाताना मराठी बरोबर घेऊन गेले. तिकडे ‘मायबोली’ या नावाचे नियतकालिक त्यांनी मराठीत काढले.

थोडे दक्षिणेला जा. मुरूडच्या वाटेवर कोर्लई लागते. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई सोडली, मराठ्यांचा अंमल आला. पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली एक भाषा राहून गेली आणि अजून हजारभर माणसे ती घरात बोलतात. ते तिला नुसते ‘आमची भाषा’ म्हणतात. एका अमेरिकन पंडिताने, क्लेमेंट्स यांनी, तिच्यावर १९९६ साली ग्रंथ लिहिला. अलिबागच्या समुद्रावर शहाळी पिणाऱ्या मुंबईपुण्याच्या किती पाहुण्यांना तिची वार्ता आहे?

ही सगळी माणसे, ह्या सगळ्या बोली, आणि जिल्हा एकच. पूर्वी कुलाबा म्हणत, १९८१ पासून रायगड म्हणतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार भरली. आणि भूगोलाच्या पुस्तकात उत्तर एका शब्दाचे: ‘भाषा: मराठी’.

हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अर्धवट आहे. आणि ज्याला त्याचा फायदा होतो तो कधी ते पुरे करीत नाही, ही माझी तक्रार आहे.

आता हा आकडा तयार कसा होतो ते सांगतो. फराळ करता करता वाचण्यासारखी ही गोष्ट आहे, कारण चिवड्याची कृती आणि जनगणनेची कृती यांत फारसा फरक नाही. प्रगणक दारात येतो, मातृभाषा विचारतो, माणूस सांगेल ते नाव लिहितो. २०११ साली देशभरातून अशी १९,५६९ नावे जमली. मग कचेरीत बसून ती निवडली, पाखडली. तेव्हा १,३६९ मातृभाषा उरल्या. त्यांतल्या दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्यांची मोट बांधून १२१ भाषा ठरवल्या. १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषा नावानिशी छापल्या होत्या. १९७१ पासून दहा हजारांची चाळण आली. चाळणीतून जी खाली पडली तिचे नाव ‘इतर’.

मराठीच्या खात्यावर २०११ साली ८ कोटी ३० लाख माणसे जमा झाली. त्या खात्यात वेगळ्या नावाने दाखवलेल्या मातृभाषा हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच आहेत. आगरी त्यांत नाही. कातकरीही नाही.

कोणी म्हणेल, बोलींना कशाला वेगळे नाव हवे? त्या मराठीच्याच ना! मग ऐका. मालवणी याच जनगणनेत कोकणीच्या पोटात घातली आहे. अहिराणी खानदेशी नावाच्या वेगळ्या भाषेखाली गेली आहे. आणि वारली? ती गेली आहे भिलीच्या गटात. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषिक पाहणीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो मराठीचा खंड. त्यात वारली मराठीच्या परिवारात होती, आगरी होती, ठाकरी होती आणि कातकरीही ‘काथोडी’ या नावाने होती. त्यांचे नमुनेही त्याने छापले. म्हणजे व्याकरण बदलले नाही, बोलणारी माणसे बदलली नाहीत, फक्त फडताळ बदलले. आगरी मराठीत आणि वारली मराठीबाहेर, हे कोणत्या शास्त्राने ठरले? इकडे ठेवा म्हटले तर इकडे, तिकडे ठेवा म्हटले तर तिकडे. ज्यांना हलवायचे त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

पण सरकारी कारकुनावर सगळे ढकलून मोकळे होणे सोपे आहे. आपण काय करतो?

आपल्याला माणसे मोजायची असली की आपण या सर्वांना मराठी म्हणतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोजायची होती, तेव्हा आगरी मराठी होता, कोळी मराठी होता, डोंगरातला ठाकर मराठी होता. मुंबई मराठी माणसाची हे सिद्ध करताना मुंबईचा मूळ रहिवासी म्हणून कोळ्यालाच पुढे उभे केले. १ मे १९६० ला राज्य मिळाले. आणि मग? मग त्याच कोळ्याची भाषा आपण नाटकात विनोदासाठी ठेवली. घरगड्याने, कोळणीने, हवालदाराने बोलायची ती भाषा. ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला, ‘ण’च्या जागी ‘न’ आला, ‘गाडी’ची ‘गारी’ झाली की थिएटर हसते. लग्नाच्या वरातीत कोळीगीतांवर आपल्या मुली नाचतात, ते चालते. पण त्याच गीतातल्या शब्दांत एखादी मुलगी वर्गात उत्तर देऊ लागली की ती ‘अशुद्ध’. नाचताना शुद्ध, बोलताना अशुद्ध!

याच्यापुढे एक मोठी गंमत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. ते मीही खाल्ले. हा दर्जा मागताना आपला एक मोठा आधार कोणता होता? महाराष्ट्री प्राकृत. आणि प्राकृत म्हणजे कोणाची भाषा? संस्कृत नाटके उघडून पाहा. राजा संस्कृत बोलतो, ब्राह्मण मंत्री संस्कृत बोलतो. राणी, दासी, विदूषक आणि नोकरचाकर प्राकृत बोलतात. म्हणजे त्या काळच्या रंगभूमीने जिला दासीच्या तोंडी घातले, तिच्या जोरावर आज आपण अभिजात झालो. आणि आपल्या रंगभूमीवर आपण दासीच्या तोंडी आगरी घालतो. दोन हजार वर्षांत आपण इतकेच शिकलो काय?

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. दुसऱ्यांना नावे ठेवायची तर तेवढे प्रामाणिकपण हवे.

मी शिकवत होतो त्या शाळेत खाडीकडच्या गावातून एक मुलगी येई. सातवीत होती. ‘माझे आजोबा’ या विषयावर मी निबंध लिहायला सांगितला होता. बाकीच्यांचे आजोबा प्रेमळ होते, त्यांचे केस कापसासारखे पांढरे होते, ते रोज पहाटे उठून देवाचे नाव घेत. या मुलीचे आजोबा मिठागरात काम करीत. उधाणाच्या रात्री बांध फुटू नये म्हणून ते कंदील घेऊन कसे जात, फुटलाच तर चिखल कसा लोटत, मिठाने त्यांचे पाय कसे फाटत, हे तिने दोन पाने भरून लिहिले होते. पण ‘पाणी’ला ‘पानी’ होते, ‘डोळा’ला ‘डोला’ होते, आणि क्रियापदे तिच्या घरची होती. मी लाल शाईने एकूणएक शब्द खोडले. तेवढ्यावर थांबलो नाही. त्यातली चार वाक्ये तिच्या उच्चारांसकट वर्गाला वाचून दाखवली. वर्ग हसला. मीही हसलो.

पुढचा निबंध ‘माझी आजी’ होता. तिने तो बिनचूक लिहिला. आजी प्रेमळ होती, तिचे केस कापसासारखे पांढरे होते. मार्गदर्शकातून जसाच्या तसा उतरवलेला. मी दहापैकी आठ गुण दिले आणि खाली लिहिले, ‘प्रगती चांगली’. मिठागरात मीठ कसे पिकते हे सांगणारे एक माणूस मराठी भाषेला मिळत होते. ते मी खोडले आणि कापसाचे पांढरे केस पदरात घेतले. त्या शाईचा रंग मला अजून दिसतो.

ती मुलगी निदान शाळेत टिकली. कातकऱ्याच्या पोरीचे तेवढेही होत नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारी झाले, कात काढणे संपले, नाव राहिले. आज बहुतेकांच्या नावावर शेतजमीन नाही. म्हणून आपली दिवाळी संपते तेव्हा त्यांचा प्रवास सुरू होतो. आपण आकाशकंदील उतरवतो त्या सुमाराला वाडीवाडीतून बिऱ्हाडे निघतात ती वीटभट्ट्यांवर. आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पोरे बरोबर जातात. ती परत येतात तोवर पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि शाळेचे वर्ष गेलेले असते. जी पोरे जूनमध्ये पहिलीत बसतात त्यांच्यापुढे जे पुस्तक येते त्याची भाषा त्यांनी आईच्या तोंडून कधी ऐकलेली नसते. बाई काय म्हणतात ते कळत नाही. पोर गप्प बसते. बाई लिहितात, ‘मंद’. मग भट्टीवर जाताना त्या पोराला शाळा सोडून चाललो असे वाटतही नाही. जिथे कोणी आपल्याशी बोललेच नाही ते ठिकाण सोडण्यात कसले दुःख?

रोह्याच्या गाडीतली ती पोर मला अजून आठवते. तिची आई तिला काहीतरी गोष्ट सांगत होती आणि पोर मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. चांगली चुणचुणीत होती. तिला ‘मंद’ ठरवायला आपल्याला एक पाठ्यपुस्तक पुरते.

माझ्या भाच्याने त्या प्रवासात मला एक गोष्ट सांगितली, ती इथे सांगण्यासारखी आहे. बेल्जमच्या दक्षिणेला वालोनिया नावाचा प्रांत आहे. नकाशावर त्याच्यापुढे ‘भाषा: फ्रेंच’ असे लिहिलेले असते. पण तिथल्या खेड्यांची भाषा मुळात फ्रेंच नव्हेच. ती वालून, काही भागांत पिकार. शाळांनी ती मुलांच्या तोंडातून काढून टाकली. ती गावंढळ, फ्रेंच सभ्य. पूर्वेच्या टोकाला नऊ गावपालिकांत जर्मन बोलतात. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख जर्मनीकडून आला. कोळशाच्या खाणींत काम करायला उत्तरेचे फ्लेमिश मजूर आले, दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून आले. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीला आग लागून २६२ माणसे मेली, त्यांतली १३६ इटालियन होती. नकाशावर मात्र एकच शब्द.

तिथे भाषांची शिरगणती १९४७ साली शेवटची झाली. तिच्यावरून इतकी भांडणे पेटली की पुढे तो प्रश्न जनगणनेतून काढूनच टाकला, आणि १९६२ साली कायद्याने भाषेची सीमारेषा आखली. मोजणीतून आपली ताकद दाखवायची हे आले की मोजणी खरी राहत नाही, हे त्यांनी ओळखले. पण त्यांना दुसरीही एक गोष्ट सुचली, ती उशिरा. १९९० साली तिथल्या फ्रेंच समाजाच्या कायदेमंडळाने वालूनसारख्या देशी भाषांना मान्यता देणारा ठराव कायद्याच्या रूपाने केला. तोवर ती बोलणारी पोरे म्हातारी झाली होती. “मामा,” भाचा म्हणाला, “आता तिकडे वालूनमध्ये नाटके होतात, लोक हौसेने जातात, आणि घरी येऊन फ्रेंच बोलतात.” मेलेल्या माणसाचे श्राद्ध थाटात करतात, त्यातलाच हा प्रकार. आपल्याला मराठीच्या बोलींचे श्राद्ध घालायचे आहे की त्यांना जेवायला वाढायचे आहे?

आता आक्षेपांकडे वळतो. ते मला पाठ आहेत, कारण एके काळी मीच ते घेत असे.

पहिला आक्षेप: “आधीच मराठीवर संकट आहे, त्यात तुम्ही बोलींची फूट कशाला पाडता? पनवेलात जाऊन पाहा, कानावर काय पडते!” पाहिले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. त्या जमिनींच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गोळीबारात पाच माणसे पडली. ती माणसे ज्या भाषेत ओरडत होती ती आगरी होती. आज त्या जमिनीवरच्या उंच इमारतींत राहून ‘मराठी टिकली पाहिजे’ म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या इमारतीखालच्या गावठाणात जी मराठी बोलली जाते ती तुम्ही टिकवायच्या मराठीत धरता की नाही? धरत असाल तर तिला हसू नका. धरत नसाल तर मोजूही नका.

दुसरा आक्षेप: “प्रमाणभाषा नको काय? प्रत्येकाने आपल्या घरचे लिहायचे ठरवले तर कायदा, विज्ञान, वृत्तपत्रे कशात छापायची?” प्रमाणभाषा हवी. हा लेख मी तिच्यातच लिहिला आहे. पण प्रमाणभाषा ही गावच्या चावडीसारखी आहे. सर्वांनी जमायची जागा. चावडी हवी म्हणून कोणी लोकांची घरे पाडत नाही. मुलाला चावडीवर न्यायचे तर त्याचे बोट धरून त्याच्या घरापासून निघावे लागते. तो चावडीवर जन्मला नाही म्हणून त्याला छडी मारायची नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर आहे: “लहान मुलांना बोलीत शिकवणे व्यवहारात अशक्य.” याचे उत्तर मी देणार नाही, ते तुम्हीच दिलेले आहे. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय काढला, तेव्हा महाराष्ट्र केवढा संतापला! वृत्तपत्रांत, सभांत, घराघरांत आपण काय म्हणत होतो? सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नका. त्याला आधी आईच्या भाषेत नीट उभे राहू द्या. न कळणाऱ्या भाषेचे ओझे घातले तर ते शाळेलाच भिते. २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. आपण जिंकलो. युक्तिवाद बिनतोड होता; त्यातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे. आता तोच युक्तिवाद घ्या आणि आपट्याच्या पुढच्या कातकरवाडीत जाऊन उभे राहा. तिथे लादणारा कोण आहे? तिथे आईची भाषा कोणती आहे? तिथे जून महिन्याच्या पहिल्या दिवशी शाळेला भिणारे मूल कोणाच्या भाषेला भिते आहे?

जो न्याय आपण दिल्लीकडे मागतो तो वाडीला द्यायला आपला हात आखडतो. मराठी जेव्हा धाकटी असते तेव्हा तिला मातृभाषेचे महत्त्व कळते. थोरली झाली की ते ती विसरते. सुनेचा छळ सोसलेली बाई सासू झाल्यावर कशी वागते ते आपण कथाकादंबऱ्यांत पुष्कळ वाचले आहे.

मी फार मागत नाही. पहिली आणि दुसरी ही दोन वर्षे वाडीच्या शाळेत वाडीची बोली समजणारे एक माणूस असावे. वाडीतलीच शिकलेली मुलगी असेल तर उत्तम. मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिले तर आधी ते बरोबर धरावे, मग ‘शाळेत हे असे म्हणतात’ म्हणून दुसरे सांगावे, खोडू नये. भट्टीवर जाणाऱ्या मुलांमागे शाळा जावी किंवा त्यांना मागे ठेवून घेण्याची सोय व्हावी. २०१३ साली गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड मराठीत निघाला आहे. तो प्रत्येक अध्यापक विद्यालयात नुसता कपाटात न ठेवता वाचायला लावावा. आणि तुम्हाआम्हा वाचकांनी एक करावे. पुढच्या नाटकात गड्याने ‘पानी’ म्हटले आणि शेजारचा हसला, तर आपण हसू नये. एवढे तर फुकट आहे.

आणखी एक. २०२७ ची जनगणना येत आहे. प्रगणक दारात उभा राहील. तेव्हा ज्याच्या घरात आगरी बोलतात त्याने लाजू नये, आगरी सांगावे. कातकऱ्याने कातकरी सांगावे, ठाकराने ठाकरी. आपल्यातले शहाणे सांगतील की असे केले तर मराठीचा आकडा घटेल. बोली नावानिशी लिहूनही मराठीच्याच खात्यात जमा होऊ शकते, मग घट कसली? आणि कारकुनाने फडताळ बदलल्यामुळे दोन-चार लाख घटलेच, तर घटू द्या. आठ कोटींच्या भाषेला एवढी धास्ती कशाची? खोट्या बेरजेपेक्षा खरी वजाबाकी बरी.

रोह्याला गाडी पोहोचली तेव्हा त्या बाया उतरायच्या तयारीत होत्या. पोर माझ्याकडे टक लावून पाहत होती. पिशवीत दिवाळीतले बेसनाचे लाडू होते. एक तिच्या हातावर ठेवला. तिने आईकडे पाहून काहीतरी विचारले. आई हसली आणि तिच्याच बोलीत दोन शब्द म्हणाली.

“काय म्हणाली ती?” भाच्याने विचारले.

मला ठाऊक नव्हते. मी त्या बाईला विचारले. तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिले, आणि मग सावकाश, मला कळेल अशा मराठीत सांगितले. तिला माझी भाषा येत होती. तेवीस वर्षे मराठी शिकवून मला तिची येत नव्हती.

आपल्या दोघांपैकी अडाणी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.